बाकीच्या कोठड्यांत कोण होतं? : अंदमानला निघालेल्या मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की आपल्याकडून अंदमानला जाणाऱ्यांची रीघ लागते. विमानतळावर, धक्क्यावर, राधानगरच्या वाळूत, कुठेही उभं राहा, मराठी कानावर पडतं. यात समुद्र बघायला निघालेले असतात तसे सेल्युलर जेलमधली 'ती कोठडी', म्हणजे सावरकरांची, बघायला निघालेलेही असतात. हे पत्र दोघांनाही आहे, पण जास्त करून दुसऱ्यांना. मी स्वतः त्यांच्यातलाच.

काही वर्षांपूर्वी असाच एका पर्यटन गटाबरोबर गेलो होतो. जेलसाठी वेळ दिला होता दीड तास. आम्ही सगळे तडक तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीकडे गेलो. चपला काढल्या, डोकं टेकवलं, एकाने कविता म्हटली, दोघा-तिघांचे डोळे भरून आले. माझेही आले, ते नाकारत नाही. मग फोटो. जिना उतरताना गटातल्या एका काकूंनी सहज विचारलं, "बाकीच्या खोल्यांत कोण होतं हो?" गाईड पुढे निघून गेला होता. आम्ही पंचवीसएक जण, बहुतेक सगळे शिकलेसवरलेले. एकालाही एक नाव सांगता आलं नाही. "असतील क्रांतिकारक," कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात बस सुटायची वेळ झाली.

तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. नंतर जमेल तसं वाचत गेलो, पुन्हा एकदा जाऊनही आलो. जे हाती लागलं त्यातलं थोडं तुम्हाला निघण्याआधी सांगावंसं वाटतं.

पहिली गोष्ट, काळं पाणी आणि सेल्युलर जेल एक नव्हेत. काळं पाणी पुष्कळ जुनं. १८५७चा उठाव मोडल्यावर १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर नावाचा अधिकारी दोनशे बंदी घेऊन या बेटांवर उतरला. तेव्हा जेल नव्हतीच. जंगल, जळवा, हिवताप आणि चहूकडे पाणी, हाच तुरुंग. पळून गेलेले कैदी पकडून आणले आणि त्यातल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फासावर लटकवलं. फज्ल-ए-हक खैराबादींसारखा पंडित याच मातीत १८६१ साली संपला. व्हायपर बेटावर साखळदंडांच्या कैद्यांचा तुरुंग आणि फाशीघर होतं. १८७२च्या फेब्रुवारीत व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला होपटाउनच्या धक्क्यावर भोसकणारा शेर अली आफ्रिदी महिन्याभरात याच व्हायपरवर फासावर गेला. (आपल्या वासुदेव बळवंत फडक्यांना मात्र सरकारने एडनला नेलं. अंदमानच्या यादीत त्यांना शोधत बसू नका, मी बसलो होतो.)

मग ही जेल कशासाठी बांधली? इथे माझ्या डोक्यातला समज पार उलटा निघाला. ती राजबंद्यांसाठी बांधलेलीच नव्हती. १८९० साली लायल आणि लेथब्रिज या दोघा अधिकाऱ्यांनी वसाहतीची पाहणी केली. त्यांना आढळलं ते असं, की काळ्या पाण्याचा धाक उरलेला नाही आणि हिंदुस्थानातल्या तुरुंगात खितपत पडण्यापेक्षा कैद्यांना अंदमान बरं वाटतं. कारण इथे काही वर्षं राबलं की मोकळीक मिळे, तुकडाभर जमीन कसता येई, परवानगी काढून बायको करता येई. साहेबांना हे खुपलं. आल्या आल्या कैद्याला काही काळ एकटा कोंडून त्याचा कणा मोडायचा आणि मगच वस्तीत सोडायचा, अशी त्यांनी शिफारस केली. त्यातून १८९६ला बांधकाम सुरू झालं आणि १९०६ला पुरं झालं. बांधणारे हात अर्थात कैद्यांचेच.

तिथे गेल्यावर एवढं करा. कोठडीकडे धावण्याआधी मधल्या मनोऱ्यावर चढा आणि नुसतं खाली बघा. मनोऱ्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती फुटत होत्या. आता तीनच आहेत, पण अंदाज येतो. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कोठडीतला चेहरा दिसायची सोय नाही. जवळजवळ सातशे कोठड्या, प्रत्येकीत एकच माणूस. साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद, मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. कडीचा दांडा दारापासून दूर भिंतीतल्या कोनाड्यात शिरतो. आतून हात कितीही लांबवला तरी पोचत नाही. कडीचं हे काम मी बराच वेळ बघत उभा राहिलो. कुणीतरी कागदावर माप घेऊन, माणसाच्या हाताची लांबी धरून हे आखलं असणार. तेवढ्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

या इमारतीचा सगळा डाव एकच : माणूस माणसापासून सुटा करायचा. आणि आपण तिथे जातो, एका कोठडीपुढे रांग लावतो आणि परत येतो. म्हणजे ती माणसं आपल्या आठवणीतही एकमेकांपासून सुटीच राहिली. माझी तक्रार एवढीच आहे.

राजबंदी आले ते १९०९च्या अखेरीपासून. अलीपूर बॉम्ब खटल्यातले बारींद्र घोष, उल्हासकर दत्त, उपेंद्रनाथ बॅनर्जी, हेमचंद्र दास, इंदुभूषण रॉय आणि त्यांचे साथी. आपल्याकडून गणेश दामोदर म्हणजे बाबाराव सावरकर, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातले वामनराव जोशी आणि ४ जुलै १९११ रोजी पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन आलेले विनायकराव. एकाच जेलमध्ये दोघे भाऊ, पण भेटीला बंदी. अलाहाबादच्या 'स्वराज्य' नावाच्या उर्दू साप्ताहिकाचे संपादक तर एकामागून एक येत राहिले. एकाला शिक्षा झाली की दुसरा खुर्चीत बसे, की तोही बोटीवर. पुढे १९१५नंतर गदरवाले, म्हणजे परदेशातून इंग्रजांविरुद्ध उठाव करायला परतलेले पंजाबी आले. मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवर नावं प्रांतवार कोरली आहेत. बंगालची संपता संपत नाहीत, मग पंजाबची. महाराष्ट्राची हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. आपण ज्या जेलला आपलीच समजतो, तिथे बंगाली माणूस आपल्या शेजारी का उभा असतो, ते त्या पाटीपुढे कळतं.

जेलर होता डेव्हिड बारी, आयरिश. देव दोन, एक आभाळातला आणि एक पोर्ट ब्लेअरचा म्हणजे मी, असं तो नव्या कैद्याला ऐकवायचा. पण बारी एकटा काय करणार? कैद्यांवर राखण कैद्यांचीच होती. वॉर्डर, त्यावर पेटी ऑफिसर, त्यावर टिंडल, सगळ्यांवर जमादार, आणि हे सारे जुने जन्मठेपवाले. मराठी आठवणींतून भेटणारा हा 'पेटी ऑफिसर' म्हणजे इंग्रजीतला धाकटा अधिकारी, पेटीशी त्याचा संबंध नाही. एका कैद्याच्या हाती दुसऱ्याला छळायचा अधिकार दिला की साहेबाला स्वतः काठी उचलावी लागत नाही.

काम दोन तऱ्हेचं. एक, छिलका कुटणं : नारळाची वाळलेली सोडणं मोगरीने बडवायची आणि त्यांतून ठरलेल्या वजनाचा काथ्या काढायचा. दुसरं, कोलू. बैलाच्या जागी माणूस जुंपलेला घाणा. दिवसाला तीस पौंड खोबरेल निघालंच पाहिजे. नाही निघालं तर शिव्या, मार, दंडाबेडी, भिंतीला अडकवलेली खडी हातकडी. संध्याकाळी कोठडी बंद झाली की पहाटेपर्यंत जे काही होईल ते आतल्या डांबर फासलेल्या मडक्यात. वेळी-अवेळी शौचाला जाणं हासुद्धा गुन्हा होता.

या कोलूची एक गोष्ट मला सगळ्यांत आवडते. ती रडवणारी नाही, म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही. 'स्वराज्य'च्या संपादकांपैकी नंदगोपाल हा उंचापुरा पंजाबी. कोलूला जुंपल्यावर तो आपल्या चालीने, निवांत फिरू लागला. भरभर ओढायला सांगितलं तर ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जेवणाची सुट्टी झाली. इतर कैदी कामाच्या धाकाने दोन मिनिटांत घास कोंबून उठायचे, हा मात्र नीट चावून चावून जेवत बसला आणि वर घाईने जेवलं तर पचत नाही म्हणून सांगू लागला. जेवून झाल्यावर कांबळं पसरून आडवा झाला. तेल जेवढं निघायचं तेवढंच निघालं. शिक्षा झालीच, पण एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने कामाला नकार दिला, आणि जेलमधला पहिला संप उभा राहिला. समोरचा चेहरा दिसू नये म्हणून एवढी मोठी इमारत बांधली, पण कुजबुज कुठून फिरली ते बारीला कळलं नाही.

आता रडवणारं. इंदुभूषण रॉयने एप्रिल १९१२मध्ये अंगातल्या कुडत्याच्या चिंध्यांचा फास करून झरोक्याला गळफास घेतला. उल्हासकर दत्त हा हसरा, नकला करणारा तरुण. विटांच्या भट्टीवरच्या कामाला नाही म्हणाला म्हणून त्याला खडी हातकडी घातली. अंगात ताप होता. त्याच तापात त्याचं भान सुटलं, नंतर वेड्यांच्या वॉर्डात आणि पुढे मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात रवानगी झाली. रामरक्खा नावाचा पंजाबी ब्राह्मण : जानवं काढून घेतलं म्हणून त्याने अन्न सोडलं आणि तो गेला. भानसिंग मारहाणीनंतर गेला.

हे बाहेर कसं कळलं? होतीलाल वर्मा, हाही 'स्वराज्य'वाला. त्याने जेलमधली सगळी हकिकत लिहून पत्र चोरून बाहेर धाडलं आणि १९१२ साली ते सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या 'बेंगाली' पत्रात छापून आलं. ओरड झाली. १९१३च्या अखेरीस सरकारचा गृहसदस्य सर रेजिनाल्ड क्रॅडॉक स्वतः जेलमध्ये आला.

इथे थांबतो, कारण क्रॅडॉकचं नाव निघालं की आपल्याकडे सावरकरांच्या अर्जांवरून भांडण सुरू होतं. अर्ज, माफी, शरणागती की डावपेच, यावर गेली कित्येक वर्षं आपण एकमेकांचे गळे धरतोय. मी त्यात निवाडा द्यायला बसलेलो नाही. पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट जवळजवळ कधीच सांगितली जात नाही, ती सांगतो. त्या भेटीत क्रॅडॉकपुढे अर्ज ठेवणारे सावरकर एकटे नव्हते. बारींद्र घोष होते, हृषीकेश कांजीलाल होते, सुधीर सरकार होते, आणि वर ज्याची गोष्ट सांगितली तो नंदगोपालही होता. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, भाषा वेगळी, मागणं वेगळं. कुणी साधी वागणूक मागतो, कुणी सुटका मागतो, कुणी वाद घालतो. भक्तांनी आणि टीकाकारांनी मिळून एकाच कागदावर भिंग धरलं आहे. पाचही शेजारी ठेवून वाचले की मग बोलावं. एकट्याचा अर्ज वाचून देव करणं काय किंवा गुन्हेगार करणं काय, दोन्ही मला आळशीपणाच वाटतो.

पहिल्या महायुद्धानंतर सुटकेचे हुकूम निघाले, १९२०-२१पर्यंत बहुतेक राजबंदी परतले. सावरकर बंधूंनाही मे १९२१मध्ये हिंदुस्थानातल्या तुरुंगात हलवलं. आपल्या गाईडची गोष्ट इथे संपते. पण जेलची संपत नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते तिचा सगळ्यांत मोठा अध्याय यानंतर आहे.

१९३२ साली सरकारने राजबंद्यांना पुन्हा अंदमानला धाडायला सुरुवात केली. या खेपेला बंगालमधल्या चितगावचं सरकारी शस्त्रागार लुटण्याच्या प्रकरणातले गणेश घोष, अनंत सिंह, लोकनाथ बल. भगतसिंगांबरोबर असेंब्लीत बॉम्ब टाकणारे बटुकेश्वर दत्त. लाहोर कट खटल्यातले विजयकुमार सिन्हा, शिव वर्मा, महावीरसिंग. भगतसिंगांचे पोस्टर घरोघरी आहे, पण त्यांचे साथी इथे होते हे आमच्या त्या पंचवीसांत कुणाला ठाऊक होतं? मला तरी नव्हतं.

मे १९३३मध्ये त्यांनी अन्नत्याग केला. मागण्या ऐका : अंग धुवायला साबण, झोपायला काहीतरी, खाण्याजोगं अन्न, रात्री कोठडीत दिवा, वाचायला पुस्तकं, एकमेकांशी बोलायची मुभा. यासाठी माणसं मेली. सरकारने नाकातून नळी घालून जबरदस्तीने दूध पाजायचा मार्ग धरला. महावीरसिंग पैलवानी अंगाचा, त्याला आठ-दहा जणांनी दाबून धरलं. नळी चुकली, दूध फुप्फुसात गेलं. १७ मेला तो गेला. त्याच महिन्यात मोहनकिशोर नमदास आणि मोहित मैत्र हेही गेले. त्यांची प्रेतं दगड बांधून समुद्रात सोडली, असं सोबत्यांनी सांगून ठेवलं आहे. उपोषण थांबलं नाही. सेहेचाळीस दिवसांनी सरकार नमलं.

आणि मग त्या जेलमध्ये जे घडलं त्याला तोड नाही. दिवा आला, पुस्तकं आली, वर्तमानपत्रं आली. बंद्यांनी वर्ग चालवले : इतिहास, अर्थशास्त्र, राजकारण, भाषा. जो जाणकार तो मास्तर. हस्तलिखित मासिकं निघाली. बॉम्बवर विश्वास ठेवून आलेली कितीतरी मुलं इथून मार्क्सवादी होऊन बाहेर पडली. १९३५ साली त्यांनी आपली कम्युनिस्ट संघटनाच जेलमध्ये उभी केली. तुम्हाला तो विचार पटो न पटो, पण एकांतासाठी बांधलेल्या इमारतीत भर दिवसा वर्ग भरतोय हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. जुलै १९३७मध्ये दुसरा अन्नत्याग झाला, या वेळी दोनशेहून अधिक बंदी, आणि मागण्यांतली एक मोठी मागणी : आम्हाला मायदेशी परत न्या. देशभर सभा झाल्या. गांधीजी, रवींद्रनाथ यांनी तारा केल्या, तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस उपोषण सुटलं. पुढच्या सहा महिन्यांत, जानेवारी १९३८पर्यंत, शेवटचा राजबंदी बोटीत बसून परतला. राजबंद्यांचं काळं पाणी बंद झालं ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे.

जपान्यांचा काळ तर आपण बोलतच नाही. मार्च १९४२मध्ये जपानी सैन्य उतरलं. जेल रिकामी राहिली नाही. डॉक्टर दिवाणसिंग हे तिथले लोकप्रिय डॉक्टर आणि पंजाबीतले कवी. हेरगिरीच्या संशयावरून त्यांना याच कोठड्यांत डांबून जवळजवळ तीन महिने छळलं. २९ डिसेंबर १९४३ला नेताजी आले, दुसऱ्या दिवशी तिरंगा फडकला, नेताजींनी जेलही पाहिली. त्या वेळी दिवाणसिंग आतच होते, पण जपान्यांनी नेताजींना ते कळू दिलं नाही. १४ जानेवारीला दिवाणसिंगांनी प्राण सोडला. ३० जानेवारीला जेलमधल्या चव्वेचाळीस जणांना हम्फ्रीगंजला नेऊन गोळ्या घातल्या. इंग्रज तेवढे वाईट आणि त्यांचे शत्रू ते आपले मित्र, या हिशेबात ही माणसं बसत नाहीत. म्हणून ती गाळली जातात.

सातातल्या चार इमारती कुठे गेल्या, हे तुम्ही विचाराल. १९४१च्या भूकंपाने जेल खिळखिळी झाली होती, पुढे काही पाडापाडी आपलं राज्य आल्यावरही झाली आणि त्या आवारात गोविंद वल्लभ पंतांच्या नावाचं इस्पितळ उभं राहिलं. इस्पितळ लोकांच्या उपयोगाचंच, त्यावर बोट ठेवत नाही. पण उरलेल्या तीन इमारती वाचल्या त्या तिथे कैद भोगलेल्या म्हाताऱ्या राजबंद्यांमुळे. त्यांनी मंडळ काढलं, दिल्लीत खेटे घातले, आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी मोरारजी देसाईंच्या हस्ते जेल राष्ट्रीय स्मारक झाली. ज्यांनी त्या भिंतींआड तारुण्य घालवलं त्यांनीच त्या पाडू नका म्हणून भांडावं!

तेव्हा मंडळी, काय करा? त्या कोठडीत जा, जरूर जा, डोकं टेकवायचं तर टेकवा. फक्त तुमच्या पर्यटनवाल्याला निघण्याआधी सांगा, दीड तास पुरणार नाही, निदान अर्धा दिवस हवा. त्याच मजल्यावरून चालत दुसऱ्या टोकापर्यंत जा. एका बिननावाच्या कोठडीत शिरून दोन मिनिटं उभे राहा. मनोऱ्यातल्या पाट्या मुलांना मोठ्याने वाचायला लावा, बंगाली नावं उच्चारताना जीभ अडखळली तरी चालेल. जेलसमोरच्या बागेत इंदुभूषण, भानसिंग, रामरक्खा, महावीरसिंग, मोहनकिशोर आणि मोहित यांचे पुतळे आहेत. बस तिथेच उभी असते. आमची उभी होती आणि आम्ही पुतळ्यांना पाठ करून चहा पीत होतो.

त्या काकूंचा पत्ता माझ्याकडे नाही. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं तर बरं.

आपला,
एक सहप्रवासी

ता. क. वंडूरच्या किनाऱ्यावर जाणार असाल, आणि जालच, तर बसमध्ये खिडकीशी बसा. त्या भागातल्या गावांची नावं बघा : वंडूर, मंजेरी, कालिकत. ही मलबारातली नावं. १९२१च्या मलबारातल्या उठावानंतर आणलेल्या मोपला, म्हणजे तिथल्या मुसलमान, कैद्यांनी आपली गावं बरोबर आणली. शिक्षा संपल्यावरही त्यांच्यातले पुष्कळ इथेच राहिले. तिथल्या दुकानदाराशी चार शब्द बोललात तर कदाचित तो सांगेल, पणजोबा कोणत्या बोटीतून आले ते.